नाईट सुटली का?

गेल्या मंगळवारची गोष्ट. लोअर परळला सेनापती बापट मार्गावर, एका जुन्या गिरणीच्या गेटापाशी, रात्री सायकलवरचा एक चहावाला उभा असतो. मागे कॅरिअरला बांधलेली स्टीलची उभी टाकी, हँडलला खारी आणि क्रीमरोलची पिशवी, आणि त्याच हँडलला दोरीने टांगलेला क्यूआर कोड. कोडाच्या लॅमिनेशनमध्ये पावसाचं पाणी शिरून एक कोपरा फुगलाय, तरी पैसे बरोबर जातात. दीडला बार बंद होतात, म्हणून पावणेदोन ही त्याची खरी वेळ. आतून बाहेर पडलेली पोरंपोरी फोनमधल्या गाडीची वाट बघत उभी असतात. गाडी चार मिनिटांवर असते आणि पुढची दहा मिनिटं चारच मिनिटांवर राहते. पलीकडे फूटपाथच्या कडेला डिलिव्हरीची मुलं बाइक स्टँडला लावून तिच्यावरच आडवी होऊन पुढच्या ऑर्डरची वाट बघत असतात. मी त्या दोन घोळक्यांच्या मधे उभी. अंगात घरातलाच कुर्ता, पायात रबरी सपाता, डोळे स्क्रीन बघून बघून चुरचुरणारे. चहावाल्याने कप पुढे केला आणि सहज विचारलं, "काय ताई, नाईट सुटली का?"

मी म्हटलं, "हो, आत्ताच."

मावशी न म्हणता ताई म्हणाला, म्हणून मी खूश होऊन हो म्हटलं असेल, असं आधी वाटलं. त्रेपन्नाव्या वर्षी एवढ्यावर माणूस बरंच काही कबूल करतो. पण डिलाईल रोडचा पूल उतरून करी रोडच्या पुलावर चढेपर्यंत ते 'हो' डोक्यातून जाईना. माझी नाईट नाही. माझी कंपनी नाही, पंच करायचं कार्ड नाही, सोबत सुटणारं कुणी नाही. एके काळी होती खरी नाईट. एका वर्तमानपत्रात वीस वर्षं मुद्रितशोधक होते तेव्हा शेवटचं पान सुटलं की आम्ही सुटायचो, आणि ऑफिसची गाडी एकेकाला दारात सोडत जायची. २०२० मध्ये ती नोकरी सुटली. तेव्हापासून मी घरी बसून सिनेमा-मालिकांची सबटायटल्स लिहिते. मग रात्री पावणेदोनला रस्त्यावर कशाला आलीस, असं कुणी विचारलं तर उत्तर काय? चहा प्यावासा वाटला? हे उत्तर पुरुषाला पुरतं. बाईला नाईट लागते. 'नाईट' म्हटलं की पोलिसाची गाडीसुद्धा पुढे निघून जाते.

कामं येतात अंधेरीच्या एका एजन्सीकडून, आणि तिला देणारे लोक बसतात लॉस एंजेलिसला. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इकडे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात ते आपली घड्याळं तासभर मागे घेतात, मग माझे साडेदहा होतात. मार्चमध्ये परत साडेनऊ. लालबागच्या बाराव्या मजल्यावरची एक बाई वर्षातून दोनदा आपलं जेवण आणि झोप तासभर इकडेतिकडे सरकवते आणि आईला दर वेळी नव्याने सांगते, की अगं, त्यांच्याकडे थंडी आली. आईला ते पटतं. थंडीत पाळी बदलणं तिला मुळीच विचित्र वाटत नाही.

कामाचे नियम सोपे आहेत. एका ओळीत ४२ अक्षरं, फार तर दोन ओळी, आणि कुठलीही सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त पडद्यावर ठेवायची नाही. ४२ म्हणजे पुष्कळ वाटतात. पण आमचं सॉफ्टवेअर काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं. 'चहा'चे तीन होतात. 'स्त्री'चे सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वर दीर्घ वेलांटी. डोळ्याला एक अक्षर आणि मशीनला सहा. हे कळल्यावर महिनाभर मी सगळीकडे 'बाई' लिहीत होते, तीनमध्ये भागतं. गेली दोन वर्षं तर पहिला खर्डाच मशीन करून देतं आणि आम्ही तो नीट करायचा. दर निम्म्यावर आला, कारण 'आता फक्त बघायचंच तर आहे'. मशीनची मोठी पंचाईत होते ती इंग्रजीतल्या 'यू'पाशी. मागच्या महिन्यात त्याने कुत्र्याला 'आपण खाली बसा' म्हटलं आणि न्यायाधीशांना 'तू थांब'. मी हसत हसत आईला वाचून दाखवलं. नंतर वाटलं, त्याला तरी काय दोष द्यायचा. आमच्या घरात आई म्हणजे 'तू' आणि बाबा म्हणजे 'तुम्ही', हे मला कुणी शिकवलं? बाबा नळावर भांडायचे, आई बारा-चौदा माणसांना जेवायला घालायची, तरी 'तुम्ही' बाबाच.

त्या मंगळवारच्या फाइलमध्ये एक कारखाना होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही कंसात लिहावे लागतात, [दार करकरतं], [लांब कुत्रं भुंकतं], असे. कारखान्यातली पाळी संपते तेव्हा एक लांबलचक आवाज होता. मशीनने लिहिलं होतं, [सायरन रडतो]. मी ते खोडलं आणि लिहिलं, [भोंगा होतो]. हात आपोआप गेला. अर्ध्या तासात तपासणाऱ्या मुलीची टिप्पणी आली: 'भोंगा म्हणजे लाउडस्पीकर ना? प्रेक्षक गोंधळतील. सायरन करा प्लीज.' मुलगी हुशार आहे, माझ्या चुका नेमक्या पकडते. तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही. २०२२ पासून बातम्यांत आणि सभांत भोंगा ज्या अर्थाने गाजतोय तोच तिने ऐकलेला. मी [सायरन वाजतो] केलं, फाइल पाठवली, लॅपटॉप मिटला, आणि घरात बसवेना म्हणून खाली उतरले.

लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला 'सुटणे' हे क्रियापद वेगळं शिकवावं लागत नाही. सकाळी सातला गिरणीची पहिली पाळी लागायची, ती साडेतीनला सुटायची. साडेतीनची मध्यरात्री सुटायची, आणि बाराची सकाळी सातला. भोंगा व्हायचा, मग दोनेक मिनिटं काहीच नाही, आणि मग रस्त्यावरून चपलांचा आवाज यायचा. पाऊस दुरून येताना पत्र्यांवरून पुढे पुढे सरकत येतो, तसा. बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची लव असायची आणि ते ओरडून बोलायचे. रागाने नव्हे, साच्यांच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज कमी ऐकू यायचा. आमच्या मजल्यावर सगळे पुरुष असेच ओरडून बोलत, त्यामुळे चाळीत गुपित असं काही राहत नसे. रात्री बाराला दुसरी पाळी सुटायची आणि त्याच सुमाराला भारतमाता टॉकीजचा शेवटचा खेळही सुटायचा. कापसाने माखलेली माणसं आणि पावडर लावलेली माणसं एकाच पानाच्या गादीसमोर उभी राहायची. त्याला कुणी नाईटलाइफ म्हणत नव्हतं.

शाळा सुटते, प्रयोग सुटतो, पिक्चर सुटतो. पण गाडी सुटते ती वेगळी, ती हातची जाते. नोकरीही तशीच सुटते. आणि बाबा गेले तेव्हा शेजारच्या काकू आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सुटले हो."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास माणसं एकदम घरी. तो संप कधी मिटला असं विचाराल तर सांगता येणार नाही, कारण तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. माणसं एकेक करून पांगली. बाबा पुढे प्रभादेवीला एका बिल्डिंगचे वॉचमन झाले, रात्रीचे. तरी ते शेवटपर्यंत त्याला नोकरी म्हणत नसत. "गिरणीत होतो," असंच सांगत. शेवटच्या वर्षांत त्यांना अगदीच ऐकू येईना. टीव्हीसमोर बसायचे, माणसांची तोंडं हलताना बघायचे, आणि मधेच मला विचारायचे, "काय झालं?" मी कंसात लिहिते ते तेव्हा असतं तर, हा विचार मी फार लांब नेत नाही.

आता सुटत काहीच नाही. मालिकेचा एक भाग संपतो, श्रेयनामावली अजून वर सरकायला लागलेली नसते तोवर कोपऱ्यात पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. ही माझ्या पोटापाण्याचीच गोष्ट आहे, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही; पुढचा भाग लागला तरच मला पुढचं काम. तरीही कधी शिवाजी मंदिरला नाटकाला गेले की पडदा पडल्यावर दिवे लागतात, खुर्च्या एकामागून एक खाटखाट वर जातात, कुणाची तरी छत्री राहिलेली असते, आणि सगळे एका दारातून हळूहळू बाहेर पडतात, त्यात मला नाटकाइतकाच आनंद होतो. संपलं म्हणून कुणीतरी सांगितलेलं असतं. शहरालाही कुणी सांगेनासं झालंय. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत वस्तीबाहेरच्या भागांत मॉल, दुकानं, हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायची मुभा मिळाली. आमच्या इकडे चर्चा काय रंगली होती! गिरण्या बंद करून आता तिसरी पाळी परत आणतायत, असं आमच्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले होते. दोन महिने पुरे व्हायच्या आत लॉकडाऊन लागला आणि रात्रच काय, दुपारीसुद्धा लालबाग इतकं शांत झालं की पुलाखालून जाणाऱ्या एखाद्या गाडीचा आवाज बाराव्या मजल्यावर यायचा. त्याच महिन्यांत मी हे काम शिकले.

पहिली दोन-तीन वर्षं मी स्वतःला बाबांच्या वारशात बसवत होते. बाबा आधी बदली कामगार होते. कायम होण्याआधी सहा वर्षं रोज गेटावर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत घ्यायचे, नाहीतर परत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अव्हेलेबल?' असा मेसेज येतो, सत्तावीस जण टपलेले असतात आणि जो आधी अंगठा दाखवेल त्याला फाइल. मला वाटायचं, हेच ते गेट. एकदा चारचौघांत हे सांगून वाहवाही मिळवली होती.

त्या रात्री घरी आले तेव्हा आई जागी होती. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून फोनवर कीर्तन ऐकत होती. मी सहज विचारलं, "आई, आपली खानावळ कधी सुटायची गं?"

"खानावळ कुठं सुटते?" ती फोनवरून नजर न काढता म्हणाली. "भांडी झाली की पीठ मळायचं."

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चौदा जेवणारे होते. सगळे गाळ्यावर, म्हणजे एका खोलीत अनेक जण मिळून राहणारे, देवरुख-संगमेश्वरकडचे, बायकापोरं गावाला. त्यांतले काही पहिल्या पाळीचे, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे रात्री दहा ते पहाटे पाच बाईला कारखान्यात कामाला ठेवता येत नसे, त्यामुळे गिरणीतली तिसरी पाळी पुरुषांची. पण तिसऱ्या पाळीला निघालेल्याला रात्री दहाला वाढणारी, दुसऱ्या पाळीहून आलेल्याला साडेबाराला आमटी गरम करून देणारी आणि पहिल्या पाळीवाल्यासाठी साडेचारला स्टोव्ह पेटवणारी बाई कुठल्या पाळीत धरायची? मला झोपेत स्टोव्हचा आवाज यायचा. पंप मारल्याचे चार-पाच ठोके आणि मग तो फरफर सूर. तो सुरू असताना मी झोपलेली असायचे आणि बंद झाला की जाग यायची. बुधवारी आणि रविवारी मासळी. ताटामागे हिशेब नाही, महिन्याचा. पण पाहुणा आणला तर वेगळं. काम घरातच, म्हणून घरातल्यांनाही ते काम वाटायचं नाही. बाबा पाळीवरून आल्यावर झोपत आणि आम्हाला ताकीद असे, आवाज करू नका, बाबा दमलेत. आईसाठी अशी ताकीद मी कधी ऐकलेली नाही. मी लॅपटॉपसमोर बसलेली असताना शेजारची सून विचारते, "घरीच आहात ना, जरा गॅसवाला येईल तर…" तेव्हा मी हो म्हणते. आईही असंच हो म्हणायची. नळ आला तर बघ, पोस्टमन आला तर घे, माझा पोरगा शाळेतून येईल.

प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते या खानावळवाल्या बायांसाठीच. त्याआधी आई महिन्याच्या सुरुवातीला वाण्याकडून उधार आणायची आणि त्याच्या भावाने आणायची. मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळालं, तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःची सही केली. सहीचा तो कागद घरात अजून कुठेतरी आहे. पण संपात कर्ज काय आणि सही काय. जेवणारे जेवत राहिले, पैसे थांबले. एक महिना, दोन महिने, मग एकेक जण गावी. आईची एक लांबट वही होती, तिच्यात नावापुढे उभ्या रेघा. पाच झाल्या की आडवी. त्या वर्षी पानंच्या पानं रेघांनी भरली आणि पैशाचा रकाना मोकळा. मी विचारलं, "मग तू जेवायला घालणं बंद का नाही केलंस?" आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मशीनने केलेलं भाषांतर वाचून दाखवतेय. "समोर बसलेल्याला काय सांगायचं गो? ऊठ म्हणून?"

चाळीच्या जागी टॉवर उभा राहीपर्यंत ट्रान्झिट कॅम्पात राहायचं होतं, तिकडे जाताना वही हरवली. एक जण मात्र जाताना आपली पत्र्याची ट्रंक तारण म्हणून ठेवून गेला होता. हिरवी, झाकणावर गुलाबाचं फूल. दोन वर्षांनी आईने ती उघडली तेव्हा आत टाळांचे दोन जोड, एक सदरा आणि गावच्या देवळाच्या वर्गणीची पावती निघाली. टाळ गणपतीत आम्ही वापरतो. ट्रंक हॉलच्या कोपऱ्यात असते आणि तिच्यावर आता माझा राऊटर आहे, कारण तिथेच रेंज चांगली येते.

माझी वही म्हणजे एक एक्सेलची फाइल. बिल नंबर, मिनिटं, रक्कम, वजा दहा टक्के टीडीएस, आणि शेवटचा रकाना 'आलं का'. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत न देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच उत्पन्नातून वजा करता येतो, अशी तरतूद आता आयकरात आहे. मी उद्यम नोंदणी करून ते प्रमाणपत्र प्रत्येक बिलाला जोडते. उत्तर येतं, 'प्लीज बेअर विथ अस'. मग मी पुढची फाइल घेते. का घेते, हे मला त्या रात्रीपर्यंत नीट सांगता आलं नसतं. आताही सांगता येईल असं नाही. पैशासाठी म्हणावं तर पैसे आलेले नसतात. एक प्रसंग असतो, कुणी तरी बोलत असतं, आणि त्याच्या ओठांखाली जागा रिकामी असते.

शनिवारी परत खाली उतरले. पाऊस नुकताच थांबलेला, गिरणीच्या भिंतीवरच्या जाहिरातीच्या दिव्यांनी रस्ता आधी जांभळा, मग हिरवा होत होता. दीड वाजून गेले होते. एक मुलगी फूटपाथवर बसून मैत्रिणीच्या खांद्यावर रडत होती आणि मैत्रीण तिचे केस सावरता सावरता दुसऱ्या हाताने गाडी बघत होती. डिलिव्हरीच्या एका मुलाने बाइकच्या आरशात मोबाइल अडकवून मालिका लावली होती. आवाज बंद, खाली सबटायटल्स. मी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला, माझ्या आहेत का. कळलं नाही, आणि त्याने माझ्याकडे संशयाने बघितल्यावर मी नाद सोडला.

चहावाल्याने मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. कप दिला, स्कॅनचा आवाज ऐकला. या वेळी त्याने काही विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं, "तुमची कधी सुटते?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग हसला. "आमची कसली सुटतेय. ही वाजायला लागली की निघायचं," म्हणाला, आणि मागे वळून त्याने स्टीलच्या टाकीवर दोन टिचक्या मारल्या.

आवाज भद्द आला. अजून बराच चहा होता.